परदेशात फ्लाइट लेट झाली तर काय करायचं: पहिल्या तासापासून भरपाईच्या अर्जापर्यंत

परक्या देशातल्या विमानतळावर आपल्या फ्लाइटसमोर 'डिलेड' असं झळकलं की बहुतेक जण एकच गोष्ट करतात: गेटजवळची खुर्ची पकडतात आणि वाट बघत बसतात. उशीर अर्ध्या-पाऊण तासाचा असेल तर तेच बरोबर आहे. पण उशीर वाढत चालला, पुढची कनेक्टिंग फ्लाइट चुकायची वेळ आली, तर असं बसून राहणं महागात पडतं. पुढच्या विमानात मोजक्याच जागा रिकाम्या असतात आणि त्या आधी विचारणाऱ्याला मिळतात. जेवण, हॉटेल, तिकिटाचे पैसे, भरपाई यांतलं बरंच काही कित्येक देशांत कायद्याने आपल्या हक्काचं असतं. तरीही ते कुणी आपणहून हातात आणून देईल या भरवशावर राहू नका. मागावं लागतं, आणि जे कबूल होईल ते लेखी घ्यावं लागतं.

कामासाठी आणि घरच्यांसोबत फिरताना असे खोळंबे माझ्या वाट्याला बरेच आले. रांगेत उभा राहिलो, क्लेम भरले, काही मंजूर झाले, काही फेटाळले गेले. पहिल्यांदाच परदेशी निघालेल्यांना ही माहिती आधीच हाताशी असावी म्हणून क्रमाने मांडतो.

निघण्यापूर्वी हे जवळ असू द्या

- ई-तिकिटाची पीडीएफ फोनमध्ये उतरवून ठेवा, म्हणजे नेट नसलं तरी उघडेल. त्यावरचा सहा अक्षर-अंकांचा पीएनआर, म्हणजे विमान कंपनीचा बुकिंग कोड, आणि तेरा अंकी तिकीट नंबर ओळखून ठेवा. एजंटने किंवा वेबसाइटने दिलेला बुकिंग नंबर वेगळा असू शकतो. विमान कंपनीच्या काउंटरवर त्याचा उपयोग होत नाही.
- पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो, प्रवास विम्याची पॉलिसी आणि तिचा इमर्जन्सी नंबर.
- रोजची औषधं किमान दोन-तीन दिवस पुरतील इतकी, प्रिस्क्रिप्शनसह, हातातल्या बॅगेत. चेक-इन केलेली बॅग उशिराच्या काळात तुमच्या हाती लागेलच असं नाही.
- चार्जर, अॅडॅप्टर आणि पॉवर बँक. पॉवर बँक तशीही चेक-इन बॅगेत ठेवता येत नाही.
- कपड्यांचा एक जोड.
- परदेशी व्यवहार चालू केलेलं कार्ड. हे निघायच्या आधीच तपासा. रात्री दोन वाजता बँकेचा ओटीपी बंद पडलेल्या सिमवर येत असेल तर कार्ड असून नसल्यासारखं.
- विमान कंपनीचं अॅप, लॉगिन करून, नोटिफिकेशन चालू ठेवून.

## १. उशीर खरा किती आहे ते स्वतः बघा

बोर्डावरची वेळ ही बऱ्याचदा त्या क्षणाचा अंदाज असते. ती अर्ध्या-अर्ध्या तासाने पुढे सरकत राहते आणि आपण आशेवर बसून राहतो. खरी वेळ कळायचा चांगला मार्ग म्हणजे आपल्या फ्लाइटला लागणारं विमान आत्ता कुठे आहे ते बघणं. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या अॅपवर आपला फ्लाइट नंबर टाकला की त्या विमानाचा ठावठिकाणा बहुतेक वेळा सापडतो. समजा बोर्ड सांगतंय चाळीस मिनिटं उशीर, पण ज्या विमानाने तुम्ही जाणार ते तीन तासांच्या अंतरावरच्या शहरातून अजून उडालेलंच नाही. मग ते येणार, प्रवासी उतरणार, सफाई होणार, इंधन भरणार आणि मग तुमचं बोर्डिंग. मोठ्या विमानाला यातच तासाहून जास्त वेळ जातो. म्हणजे उशीर चार तासांच्या वर आहे, हे तुम्हाला घोषणेच्या बऱ्याच आधी कळलं.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. वैमानिक आणि क्रू यांच्या कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा असते. संध्याकाळची फ्लाइट रेंगाळत राहिली आणि क्रूचे तास संपले, तर दुसरा क्रू येईपर्यंत विमान हलत नाही. रात्री उशिरा 'उद्या सकाळी' अशी घोषणा होते त्यामागे अनेकदा हेच कारण असतं.

गेटवरच्या कर्मचाऱ्याला कारण विचारा आणि ते वेळेसकट फोनमध्ये लिहून ठेवा. बोर्डाचा फोटो काढा. पुढे भरपाई मिळणार की नाही हे बऱ्याच देशांत कारणावर ठरतं, आणि गेटवर सांगितलेलं कारण एक आणि महिन्याने ईमेलमध्ये आलेलं दुसरं, असं घडतं.

सावध राहा: उशीर कमीही होऊ शकतो. तीन तास उशीर असं सांगितलेली फ्लाइट दुसरं विमान मिळालं की दीड तासातच निघू शकते. त्यामुळे गेटपासून फार लांब जाऊ नका, अॅप बघत राहा, आणि नवीन वेळ जाहीर झाली तरी गेटवर केव्हा हजर राहायचं हे कर्मचाऱ्याकडूनच खात्री करून घ्या.

## २. तिकीट एक आहे की दोन?

प्रवासात विमान बदलायचं असेल तर पुढचं सगळं या एका प्रश्नावर अवलंबून आहे.

दोन्ही फ्लाइट एकाच तिकिटावर असतील, तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तरी तुम्हाला शेवटच्या मुक्कामी पोचवण्याची जबाबदारी विमान कंपनीची. दोन्ही फ्लाइट वेगवेगळ्या कंपन्यांच्या असल्या तरी हेच. नवीन तिकिटाचे पैसे तुम्ही द्यायचे नसतात.

दोन वेगवेगळी तिकिटं काढली असतील, स्वस्त पडतात म्हणून किंवा एका वेबसाइटने तशी जोडून दिली म्हणून, तर चित्र पूर्ण उलटं. दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत, म्हणजे नो-शो. तेवढंच नाही, त्या दुसऱ्या तिकिटावर परतीचा प्रवासही असेल तर तोही बहुतेक कंपन्या रद्द करतात. हा फटका लोकांना सर्वात जास्त बसतो. म्हणून पहिली फ्लाइट वेळेत पोचणार नाही असं दिसताच दुसऱ्या कंपनीला तिचं विमान सुटण्यापूर्वी फोन किंवा चॅट करा आणि तारीख-वेळ बदलून मागा. बदलाचं शुल्क लागेल, भाड्यातला फरकही लागेल, पण तिकीट जिवंत राहील. वेबसाइटने कनेक्शनची हमी दिली असेल तर तिच्या हेल्पलाइनलाही त्याच वेळी कळवा, कारण अशा हमीच्या अटींमध्ये लगेच कळवण्याची अट हमखास असते.

कोडशेअरचंही एक बघून ठेवा. तिकिटावर एका कंपनीचा फ्लाइट नंबर असतो आणि विमान दुसरीच कंपनी उडवते. विमानतळावरची मदत आणि युरोपीय नियमांखालची भरपाई मागायची ती प्रत्यक्ष विमान उडवणाऱ्या कंपनीकडे. 'ऑपरेटेड बाय' असं तिकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

## ३. रांगेत उभं राहा आणि तिथूनच फोनही लावा

कनेक्शन चुकणार हे कळलं की ट्रान्सफर डेस्कवर एकदम शंभर-दोनशे माणसं जमतात. रांगेत जागा धराच, पण त्याच वेळी अॅप उघडा. बऱ्याच कंपन्यांच्या अॅपमध्ये पर्यायी फ्लाइट आपोआप दिसतात आणि तिथेच स्वीकारता येतात. सोबत कॉल सेंटरलाही फोन लावा. स्थानिक नंबर लागत नसेल तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या एखाद्या देशातल्या नंबरवर लावा, जिथे आत्ता गर्दीची वेळ नाही. तुमचं बुकिंग तिथल्या माणसालाही तसंच दिसतं.

काउंटरवर पोचण्याआधी पर्याय स्वतः शोधून ठेवा. फ्लाइट नंबर आणि वेळेसकट दोन-तीन पर्याय कागदावर लिहून समोर ठेवले, तर थकलेल्या कर्मचाऱ्याचंही काम सोपं होतं. फक्त त्याच कंपनीची विमानं बघू नका. स्टार अलायन्स, वनवर्ल्ड, स्कायटीम या गटांतल्या कंपन्या एकमेकींच्या विमानात प्रवासी बसवून देतात, गटाबाहेरच्या कंपनीशी करार असेल तर तिथेही. जवळच्या दुसऱ्या विमानतळावर उतरणं चालणार असेल तर तेही सांगा.

बोलताना आवाज शांत ठेवा. समोरच्या व्यक्तीने सकाळपासून शंभर जणांचा राग झेललेला असतो. माझा अनुभव असा की नेमकी मागणी नीट मांडणाऱ्यासाठी ती माणसं खरोखर खटपट करतात.

नवीन फ्लाइट मिळाली की काउंटर सोडण्यापूर्वी या गोष्टी तपासा:

- तिकीट रीइश्यू झालं का? नुसतं रिझर्व्हेशन बदललं आणि तिकीट नव्याने निघालं नाही, तर पुढच्या विमानतळावर 'जागा दिसते पण तिकीट नाही' असं ऐकावं लागतं. नवीन ई-तिकीट ईमेलवर आल्याशिवाय हलू नका.
- घरचे सगळे एकाच फ्लाइटवर आहेत ना? घाईत एकाच पीएनआरवरची माणसं वेगळी केली जातात.
- व्हीलचेअर, लहान बाळ, खास जेवण या नोंदी नव्या बुकिंगमध्ये आल्या आहेत का? बऱ्याचदा त्या गळतात.
- नवा मार्ग तिसऱ्याच देशातून जात असेल तर तिथे ट्रान्झिट व्हिसा लागतो का?

सावध राहा: वैतागून स्वतःच्या पैशाने दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढू नका. आधी मूळ कंपनीकडे पर्याय मागा, आणि त्यांनी नकार दिला तर तो लेखी मागा, चॅटमधला असला तरी चालेल. न सांगता मधलाच टप्पा सोडून दिलात तर तिकिटाचे उरलेले टप्पे रद्द होतात.

उशीर इतका झाला की प्रवासालाच अर्थ उरला नाही, तर पैसे परत मागता येतात. युरोपीय संघाच्या नियमात निघायला पाच तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला की प्रवास नाकारून तिकिटाचे पैसे परत घेता येतात. अमेरिकेत 2024 मध्ये आलेल्या नियमाने देशांतर्गत फ्लाइटसाठी तीन तास आणि आंतरराष्ट्रीयसाठी सहा तास ही मर्यादा ठरवली आहे, अट एवढीच की तुम्ही पर्यायी फ्लाइट किंवा व्हाउचर स्वीकारलेलं नसावं. मात्र परक्या शहरात अडकलेलं असताना पैसे परत घेतले की तुम्हाला पुढे पोचवण्याची कंपनीची जबाबदारी संपते. आणि आयत्या वेळचं तिकीट मूळ तिकिटाच्या दुप्पट-तिप्पटही असू शकतं. म्हणून दुसरी सोय हातात असल्याशिवाय रिफंडवर सही करू नका.

## ४. जेवण आणि हॉटेल मागून घ्या

युरोपीय संघाचा नियम 261/2004 याबाबत सर्वात स्पष्ट आहे. 1500 किलोमीटरपर्यंतच्या फ्लाइटला दोन तास, 1500 ते 3500 किलोमीटरला तीन तास आणि त्याहून लांबच्या प्रवासाला चार तास उशीर होणार असं दिसलं की खाणं-पिणं आणि दोन फोन किंवा ईमेलची सोय कंपनीने द्यायची. मुक्काम करावा लागला तर हॉटेल आणि तिथवर जाण्या-येण्याची गाडीसुद्धा. हवामान वाईट असलं तरी ही जबाबदारी सुटत नाही. 2010 मध्ये आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातली विमानं कित्येक दिवस बंद होती. त्या प्रकरणातही युरोपीय न्यायालयाने 2013 मध्ये हेच सांगितलं की भरपाई नाही, पण प्रवाशांची देखभाल करायलाच हवी.

भारतातून सुटणाऱ्या फ्लाइटसाठी डीजीसीएचे, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, नियम आहेत. तिथेही उड्डाणाच्या लांबीनुसार दोन, तीन किंवा चार तासांनंतर खाण्याची सोय द्यायची असते. अमेरिकेत मात्र जेवण-हॉटेलची कायदेशीर सक्ती नाही. तिथे मोठ्या कंपन्यांनी त्यांच्या चुकीने झालेल्या उशिरासाठी काय द्यायचं ते कबूल केलं आहे, आणि कोणी काय कबूल केलंय याचा तक्ता अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या वेबसाइटवर आहे. तो स्क्रीन काउंटरवर दाखवला की बोलणं लवकर संपतं.

व्हाउचर द्यायला कुणीच नसेल तर, आणि मध्यरात्री असं होतं, तर बेताचा खर्च स्वतः करा आणि प्रत्येक पावती ठेवा. पाच तारांकित हॉटेल किंवा दारूचं बिल कुणी देणार नाही. शक्य असेल तर आधी चॅटवर 'तुमचा माणूस इथे नाही, मी हॉटेल घेतोय' असा मेसेज टाका. महिनाभराने तो मेसेज पावतीइतकाच उपयोगी पडतो.

## ५. रात्र काढायची वेळ आली तर आधी व्हिसा बघा

हॉटेलचं व्हाउचर मिळालं म्हणून बाहेर जाता येतंच असं नाही. हॉटेल विमानतळाबाहेर असेल तर इमिग्रेशन ओलांडावं लागतं, आणि त्या देशात शिरायचा व्हिसा तुमच्याकडे हवा. तो नसेल तर कर्मचाऱ्यांना लगेच सांगा. काही विमानतळांवर ट्रान्झिट भागातच हॉटेल असतं, काही देशांत कंपनीच्या विनंतीवरून तात्पुरता प्रवेश मिळतो, आणि यांतलं काहीच नसेल तर लाउंज किंवा झोपायची जागा मागता येते. ट्रान्झिट भाग रात्री बंद होतो का, हेही विचारा.

परत निघताना अडकलात तर प्रश्न वेगळा. तुम्ही इमिग्रेशनमधून बाहेर पडल्याची नोंद झालेली आहे, व्हिसा एकदाच प्रवेश देणारा आहे, आणि फ्लाइट आता उद्या आहे. अशा वेळी स्वतःहून इमिग्रेशनच्या खिडकीकडे जाऊ नका. कंपनीच्या कर्मचाऱ्यासोबत, सगळे प्रवासी एकत्र असे जा. एकदा आम्हाला असंच परत आत घेतलं गेलं. अधिकाऱ्याने प्रवाशांची यादी समोर ठेवली, प्रत्येकाच्या पासपोर्टवरचा त्या दिवशीचा बाहेर पडल्याचा शिक्का शोधला, त्यावर दोन आडव्या रेघा मारल्या आणि शेजारी बारीक अक्षरात काहीतरी लिहून सही केली. दुसऱ्या दिवशी नवा शिक्का बसला. ज्यांनी रांग चुकवली त्यांना बराच वेळ समजावत बसावं लागलं.

व्हिसाची मुदत आज रात्रीच संपत असेल तर ते गप्प राहून सोडून देऊ नका. विमानतळावरच्या सीमा अधिकाऱ्यांना मुदत संपण्याआधी सांगा आणि विमान कंपनीचं पत्र दाखवा. शेंगेन देशांच्या व्हिसा नियमांत आपल्या हाताबाहेरच्या कारणासाठी व्हिसा विनाशुल्क वाढवून देण्याची तरतूद आहे, पण ती मागावी लागते. मुदतीपेक्षा जास्त राहिल्याची नोंद एकदा पासपोर्टला चिकटली की पुढच्या प्रत्येक अर्जात तिचं उत्तर द्यावं लागतं.

आई-वडील एकटे प्रवास करत असतील तर त्यांच्यासाठी व्हीलचेअर मदत आधीच बुक करा, चालता येत असलं तरी. भाषेची अडचण असलेल्याला उशिराच्या गोंधळात व्हीलचेअरसोबतचा मदतनीस हाच एक हक्काचा माणूस मिळतो. त्यांच्या खिशात एक कागद ठेवा: दोन्ही फ्लाइट नंबर, तुमचा फोन, औषधांची नावं आणि 'माझी फ्लाइट लेट आहे, कृपया या नंबरवर फोन लावून द्या' हे इंग्रजीत. तुम्ही पीएनआर टाकून घरबसल्या त्यांची फ्लाइट बदलून घेऊ शकता, म्हणून तो नंबर तुमच्याकडेही असू द्या.

बाहेर जाऊन परत आलात तर पुन्हा सिक्युरिटीतून जावं लागतं. ड्युटी-फ्रीतून घेतलेली मोठी बाटली तिथे काढून घेतली जाऊ शकते.

## ६. चेक-इन केलेली बॅग

रात्रीच्या मुक्कामात बॅगा सहसा कंपनीकडेच राहतात. मिळणार का हे विचारा, आणि नव्या फ्लाइटवर त्याच टॅगने जाणार ना याची खात्री करा. टॅगचा चिकटवलेला तुकडा फेकू नका.

मुक्कामी पोचल्यावर बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्यापूर्वी बॅगेज काउंटरवर तक्रार नोंदवा. त्याला पीआयआर म्हणतात आणि त्याचा नंबर मिळतो. मॉन्ट्रियल करारानुसार, म्हणजे विमान कंपन्यांच्या जबाबदारीबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, बॅगेचं नुकसान झालं असेल तर ती मिळाल्यापासून 7 दिवसांत, आणि बॅग उशिरा आली असेल तर ती हाती आल्यापासून 21 दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. पीआयआर म्हणजे ही लेखी तक्रार असं धरून बसू नका, कंपनीला ईमेलही करा. मधल्या काळात घेतलेल्या गरजेच्या कपड्यांच्या पावत्या त्यात जोडा.

## ७. पुढच्या सोयी कळवा

हॉटेल, गाडी, रेल्वे, भेट ठरलेली माणसं. हॉटेलला 'उशिरा येतोय, बुकिंग रद्द करू नका' असं कळवलं नाही तर तिथेही नो-शो होऊन पूर्ण पैसे जातात, आणि कधी पुढच्या रात्रींचं बुकिंगसुद्धा.

## ८. कागद विमानतळावरच गोळा करा

- बोर्डिंग पास, जुना आणि नवा दोन्ही. मोबाइलवरचा असेल तर स्क्रीनशॉट, कारण फ्लाइट झाली की अॅपमधून तो नाहीसा होतो.
- उशिराचं प्रमाणपत्र, म्हणजे डिले सर्टिफिकेट. साधाच अर्धा कागद असतो: फ्लाइट नंबर, तारीख, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, कारण आणि शिक्का. हल्ली बऱ्याच कंपन्या वेबसाइटवरूनही देतात. विमा कंपनी पहिल्यांदा हेच मागते. कारणाचा रकाना कोरा असेल तर भरून मागा.
- सगळ्या पावत्यांचे फोटो. थर्मल कागदावरची शाई काही दिवसांत उडते.
- विमानाचं दार उघडलं ती वेळ. युरोपीय न्यायालयाने 2014 मध्ये ठरवलं की पोचण्याची वेळ म्हणजे चाकं जमिनीला लागली ती नव्हे, तर प्रवाशांना बाहेर पडता येईल असं दार उघडलं ती. तिथे भरपाई तीन तासांच्या उशिरापासून मिळते, म्हणून त्या काठावरच्या क्लेममध्ये ही दहा मिनिटं निर्णायक ठरतात.

सावध राहा: गेटवर व्हाउचर वाटताना कधी सही घेतात. 'पुढे कोणताही दावा करणार नाही' असं लिहिलेलं नाही ना, ते वाचा. जेवणाचं व्हाउचर घेतल्याने भरपाईचा हक्क जात नाही. पण भरपाईऐवजी प्रवास-व्हाउचर सही करून स्वीकारलं तर रोख रकमेचा हक्क सोडल्यासारखं होतं.

## ९. भरपाई कोणाला, किती

हे कुठून कुठे आणि कुठल्या कंपनीने प्रवास केला यावर ठरतं. तुमचं नागरिकत्व कुठलं याला महत्त्व नाही.

युरोपीय संघ, तसेच आइसलँड, नॉर्वे, स्वित्झर्लंड. इथल्या विमानतळावरून सुटणारी कोणत्याही कंपनीची फ्लाइट, किंवा बाहेरून इथे येणारी तिथल्याच कंपनीची फ्लाइट. शेवटच्या मुक्कामी तीन तास किंवा जास्त उशीर झाला तर अंतरानुसार 250, 400 किंवा 600 युरो. 3500 किलोमीटरहून लांबच्या प्रवासात उशीर तीन ते चार तासांचा असेल तर 600 चे 300 होऊ शकतात. एकाच बुकिंगवर युरोपातून निघून मध्ये विमान बदलून पुढे गेलात तर तो सगळा एकच प्रवास धरला जातो. वादळ, हवाई नियंत्रणाचे निर्बंध अशा असाधारण कारणांसाठी भरपाई नाही. नेहमीचा तांत्रिक बिघाड मात्र असाधारण मानला जात नाही, हे न्यायालयाने 2008 मध्येच स्पष्ट केलं आहे. 'टेक्निकल इश्यू' एवढ्या दोन शब्दांवर क्लेम फेटाळला तर तिथे थांबू नका.

ब्रिटन. चौकट तशीच, रकमा 220, 350 आणि 520 पौंड.

कॅनडा. मोठ्या कंपनीसाठी तीन ते सहा तासांना 400, सहा ते नऊ तासांना 700 आणि त्यापुढे 1000 कॅनेडियन डॉलर. अट अशी की कारण कंपनीच्या हातातलं असावं आणि सुरक्षेसाठी अपरिहार्य नसावं. मागणी एका वर्षात करायची.

इतरत्र. मोठ्या संख्येने देशांनी स्वीकारलेला 1999 चा मॉन्ट्रियल करार आहे. त्यात ठरलेली रक्कम मिळत नाही. उशिरामुळे झालेलं खरं नुकसान पावत्यांनी सिद्ध करावं लागतं, आणि आवश्यक ती सगळी काळजी घेतली होती हे कंपनीने दाखवलं तर तेही मिळत नाही. कमाल मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून माणशी 6303 एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं एकक, त्याचा दर रोज बदलतो.

प्रवास विमा यापेक्षा वेगळा. पॉलिसीत लिहिलेल्या तासांहून जास्त उशीर झाला की तो लागू होतो. कनेक्शन चुकणं हा बऱ्याच पॉलिसींत वेगळा मुद्दा असतो, तो आहे का ते बघा.

## १०. अर्ज कसा करायचा

कंपनीच्या वेबसाइटवरच्या फॉर्ममधून करा आणि भरलेल्या फॉर्मचा स्क्रीनशॉट ठेवा. राग, मनस्ताप, सुट्टी कशी वाया गेली हे सगळं लिहायचा मोह होतो. त्याने निर्णय बदलत नाही. एवढंच लिहा: नावं, पीएनआर आणि तिकीट नंबर, फ्लाइट नंबर व तारीख, ठरलेली आणि प्रत्यक्ष पोचण्याची वेळ, कुठल्या नियमाखाली किती रक्कम, आणि खर्च वेगळा असेल तर पावत्यांची यादी. भरपाई आणि खर्च या दोन स्वतंत्र मागण्या आहेत. एकाच वाक्यात मिसळल्या तर एकीचं उत्तर येतं आणि दुसरी राहून जाते. लहान मुलासाठी तिकीट काढलेलं असेल तर त्याचाही क्लेम वेगळा मांडा.

वेबसाइटवरून तिकीट काढलं असेल तर पैसे तुमच्याच खात्यात मागा, एजंटच्या नव्हे. क्लेम मिळवून देणाऱ्या कंपन्या रकमेतला मोठा हिस्सा घेतात. साधा, सरळ क्लेम स्वतः करणं अवघड नाही. कोर्टापर्यंत जायची वेळ आली तर त्यांचा विचार करा.

पहिलं उत्तर नकाराचं येणं नेहमीचं आहे. त्यात 'ऑपरेशनल कारण' असं मोघम लिहिलेलं असेल तर नेमकं कारण आणि त्याचा पुरावा मागा, आणि गेटवर त्या दिवशी लिहून ठेवलेलं कारण जोडा. त्यानंतरही नकार आला किंवा दोन महिने उत्तरच नाही, तर ज्या देशाचा नियम तुमच्या फ्लाइटला लागू होतो तिथल्या प्रवासी हक्कांच्या सरकारी यंत्रणेकडे तक्रार करा. युरोपात प्रत्येक देशात अशी यंत्रणा नेमलेली आहे, अमेरिकेत वाहतूक खातं आणि कॅनडात परिवहन प्राधिकरण हे काम बघतं. मॉन्ट्रियल कराराखाली न्यायालयात जायची मुदत मुक्कामी पोचल्यापासून दोन वर्षं आहे, आणि कंपनीसोबत ईमेलची देवाणघेवाण चालू आहे म्हणून ती पुढे सरकत नाही. तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.